‘बाळकुम’ची लांबी किती? चार, सहा की अठरा. कॉम्प्युटर आणि मोबाइल मराठी कसं मोजतात, समजून घ्या

ठाणे : ठाण्याहून भिवंडीकडे निघालं की कापूरबावडीच्या पुढे बाळकुम लागतं. खाडीकाठचं जुनं आगरी-कोळ्यांचं गाव, आता महापालिकेत गेलेलं, आणि ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ च्या आराखड्यात ‘बाळकुम नाका’ या नावाचं स्थानकही असलेलं. या गावाच्या नावात अक्षरं किती, असं तिसरीतल्या पोराला विचारलं तर तो बोटांवर मोजून सांगेल, चार. बा, ळ, कु, म. हेच नाव कॉम्प्युटरमधल्या सी भाषेला मोजायला दिलं तर उत्तर येतं अठरा. पायथन नावाच्या दुसऱ्या भाषेला दिलं तर सहा.

यात पोरगा चुकलेला नाही आणि मशीनही बिघडलेलं नाही. प्रत्येकजण वेगळी वस्तू मोजतोय. हा फरक डिप्लोमाच्या किंवा बीएस्सी आयटीच्या पहिल्या वर्षाला सी शिकणाऱ्या पोरांना परीक्षेपुरता कळून पुरत नाही. मराठी एसएमएस एकाचे दोन का मोजले जातात, ऑनलाइन फॉर्ममध्ये नाव शेवटी का तुटतं, यादीत नाव असूनही शोधल्यावर का सापडत नाही, या सगळ्याचं मूळ बऱ्याचदा याच मोजणीत असतं.

मालगाडी आणि शेवटचा डबा

सी ही भाषा अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास तयार केली. पन्नास वर्षं उलटून गेली तरी ती हटलेली नाही. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचं जे कर्नल आहे, ते मुख्यतः सी मध्येच लिहिलेलं आहे.

या भाषेत मजकुराला स्ट्रिंग म्हणतात. स्ट्रिंगचा अर्थ दोरी, पण दोरी डोळ्यांपुढे आणली तर गोंधळ होतो. मालगाडी आणा. आसनगाव, वासिंद किंवा टिटवाळ्याच्या फलाटावर उभं राहून वाघिणी मोजण्याचा उद्योग लहानपणी सगळ्यांनी केलेला आहे. वाघिणी एकामागून एक जात राहतात आणि शेवटी गार्डचा डबा येतो. (गार्डला २०२२ पासून रेल्वे ट्रेन मॅनेजर म्हणते, गावात अजून गार्डच.) त्या डब्यावर ‘एलव्ही’ अशी पाटी असते, म्हणजे शेवटचं वाहन. ती पाटी दिसली की गाडी संपली. स्टेशन मास्तरही तीच बघतात, कारण ती दिसल्याशिवाय पूर्ण गाडी आली, मध्येच तुटून मागे राहिली नाही, याची खात्री होत नाही.

सी मधली स्ट्रिंग नेमकी अशीच असते. मेमरीत छोटे छोटे कप्पे एका रांगेत असतात, एका कप्प्याला एक बाइट म्हणतात. प्रत्येक कप्प्यात ० ते २५५ मधला एक आकडा. मजकूर संपला की शेवटच्या कप्प्यात ० ठेवायचा, म्हणजे एलव्हीची पाटी लागली. गाडी किती लांब आहे हे सी कुठेच लिहून ठेवत नाही. विचारलं की दर वेळी इंजिनापासून मोजत जायचं.

मोजणारं फंक्शन तयार मिळतं, त्याचं नाव स्ट्रलेन. ते आत जे करतं ते मराठीत सांगायचं तर एवढंच : मोजणी शून्यावर ठेव, समोरच्या कप्प्यात शून्य नाही तोवर मोजणी एकने वाढव आणि पुढच्या कप्प्याकडे सरक, शून्य दिसलं की थांब आणि आकडा सांग. गार्डचा डबा मोजणीत धरायचा नाही.

इथेच पोरांची पहिली चूक होते. गार्डचा डबा मोजायचा नसला तरी रुळावर जागा तो घेतोच. इंग्रजी लिपीत बाळकुम लिहिलं तर सहा अक्षरं होतात. स्ट्रलेन सहा सांगेल, पण ते नाव ठेवायला सात कप्पे लागतील. साइझऑफ नावाचं दुसरं साधन कप्पे मोजतं, त्यामुळे तिथे सात येतात. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास विचारतात आणि पोरं पाठ केलेलं उत्तर देतात. शेवटी एक डबा जास्तीचा असतो एवढं लक्षात ठेवलं तर पाठांतराची गरज नाही. रिकामी स्ट्रिंग म्हणजे नुसता गार्डचा डबा : लांबी शून्य, जागा एक.

आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते. मजकुरात शून्य आला, समजा गट नंबर १०५ मध्ये, तर मोजणी तिथेच थांबेल का? नाही थांबत. लिहिलेलं शून्य हे एक चिन्ह आहे. इंग्रजी आकड्यांतल्या शून्याला कॉम्प्युटरमध्ये ४८ हा नंबर दिलेला आहे. मोजणी थांबवणारा शून्य म्हणजे खरोखर काहीच नसलेला ० नंबर.

कीबोर्डवरून नाव घेतानाही दोन खड्डे आहेत. स्कॅनएफने साध्या पद्धतीने शब्द घेतला तर ते जागा सुटली की थांबतं. ‘बाळकुम नाका’ टाइप केलं तर हाती येतं फक्त ‘बाळकुम’. म्हणून मास्तर एफगेट्स वापरायला सांगतात. ते पूर्ण ओळ घेतं, पण तुम्ही दाबलेलं एंटरसुद्धा आत घेतं. मग इंग्रजीतल्या सहा अक्षरांची लांबी सात येते, आणि पोरगं अर्धा तास स्क्रीनकडे बघत बसतं, कारण एंटर डोळ्यांना दिसत नाही.

मग अठरा कुठून आले?

जुन्या अमेरिकन पद्धतीत, जिला आस्की म्हणतात, १२८ चिन्हांना नंबर दिलेले होते : इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं वगैरे. एक चिन्ह एका बाइटात आरामात बसायचं, त्यामुळे बाइट मोजले काय आणि अक्षरं मोजली काय, उत्तर एकच. सी जन्मली तेव्हा तिच्यापुढे हेच जग होतं. बाराखडी कुणाच्या डोक्यात नव्हती.

मराठीला कॉम्प्युटरवर आणायला आपल्याकडे बऱ्याच खटपटी झाल्या. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं सरकारी मानक आलं, त्यात मूळ अक्षर किंवा मात्रा एका बाइटात बसायची. डीटीपीच्या दुकानांत मात्र श्रीलिपी, शिवाजी असे फॉन्ट चालले. त्यांची युक्ती वेगळीच. आत इंग्रजी चिन्हांचे नंबर तसेच ठेवायचे आणि वर चेहरा मराठी द्यायचा. म्हणून तशी जुनी फाइल आज तो फॉन्ट नसलेल्या फोनवर उघडली की लग्नपत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा भुगा दिसतो.

आता फोनवर जे मराठी चालतं ते युनिकोड. जगातल्या लिप्यांमधल्या प्रत्येक चिन्हाला यात स्वतःचा नंबर आहे. देवनागरीच्या मुख्य गटाला १२८ जागा मिळालेल्या आहेत. पण युनिकोड पूर्ण अक्षराला नंबर देत नाही, अक्षर ज्या तुकड्यांनी बनतं त्या तुकड्यांना देतं. ब ला एक नंबर, काना वेगळा, ळ वेगळा, क वेगळा, उकार वेगळा, म वेगळा. झाले सहा. पायथनने सांगितलेले सहा ते हेच.

हे नंबर मोठे आहेत, २५५ च्या खूप पुढचे, म्हणून ते एका कप्प्यात मावत नाहीत. ते कप्प्यांत कसे विभागायचे याची यूटीएफ-८ नावाची पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये बसवली. तिच्यात इंग्रजी चिन्हाला एकच बाइट लागतो आणि देवनागरीतल्या प्रत्येक तुकड्याला तीन. ब म्हणजे २२४, १६४, १७२ असे तीन आकडे. ळ म्हणजे २२४, १६४, १७९. सहा तुकडे गुणिले तीन, अठरा. स्ट्रलेनने एलव्हीची पाटी येईपर्यंतचे कप्पे मोजले आणि खरं तेच सांगितलं.

ठाणे जिल्ह्याची गंमत बघा. शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण आणि बाळकुम, या पाचही नावांची स्ट्रलेन अठराच येते. शहापूर आणि मुरबाडमध्ये अक्षरं चार, भिवंडी आणि कल्याणमध्ये तीन, पण तुकडे प्रत्येकात सहा. कल्याणमध्ये क, ल, हलन्ताचा पाय, य, काना, ण. ठाण्याची लांबी बारा, डोंबिवलीची चोवीस. आणि लक्ष्मी? अक्षरं दोनच, पण आत ल, क, पाय, ष, पाय, म, वेलांटी असे सात तुकडे, म्हणजे एकवीस बाइट.

भजनी मंडळातल्या माणसाला हे ऐकून नवल वाटेल. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं मोजतात, लहान अभंगात आठ-आठ. तिथे जोडाक्षर एकच धरतात, कारण मोजणी उच्चाराची असते. कॉम्प्युटर उच्चार ऐकत नाही.

घरबसल्या तपासायचं असेल तर फोनवर मराठी कीबोर्डने ‘कल्याण’ टाइप करा आणि एकेकदा खोडायचं बटण दाबा. बऱ्याच फोनवर सहा वेळा दाबावं लागतं. आधी ण जातो, मग काना, मग य, मग नुसता पाय. तुकडे डोळ्यांदेखत सुटे होताना दिसतात.

एसएमएसचा हिशोब

एका एसएमएसमध्ये मजकुराला १४० बाइट मिळतात, मोबाइलच्या जाळ्याचा हा जुना नियम आहे. इंग्रजी चिन्हं तिथे दाबून सात-सात बिटांत बसवतात, म्हणून १६० मावतात. मराठी मजकूर असला की प्रत्येक तुकड्याला दोन बाइट (एसएमएसची पद्धत यूटीएफ-८ ची नाही, म्हणून तीन नव्हे दोन), म्हणजे फक्त ७० तुकडे.

‘उद्या सकाळी ८ वाजता पाणी येणार नाही’ हा निरोप घ्या. वाचायला एक ओळ. मोकळ्या जागा धरून तुकडे भरतात ३५, अर्धा एसएमएस संपला. हाच निरोप इंग्रजी अक्षरांत लिहिला तरी साधारण ३५ च चिन्हं होतात, पण तिथे मर्यादा १६० ची, म्हणजे पाव भागही भरत नाही. मराठी निरोप ७१ तुकड्यांचा झाला की त्याचे दोन एसएमएस होतात. जोडून पाठवायचे असल्याने प्रत्येकात थोडी जागा जोडणीच्या माहितीत जाते आणि ६७ च उरतात. १३४ च्या पुढे गेलं की तीन.

पाणीपुरवठा, दूध संस्था, बचत गट, शाळा, जे कोणी एकदम शेकडो लोकांना एसएमएस पाठवतात आणि पैसे नगावर भरतात, त्यांनी हा हिशोब ठेवलेला बरा. पूर्ण इंग्रजी निरोपात शेवटी एकच ‘श्री’ मराठीत घातला तरी सगळा निरोप ७० च्या मापाने मोजला जातो. याचा अर्थ मराठी सोडा असा मुळीच नाही. आजीला वाचता येईल असा निरोप दोन एसएमएसचा झाला तरी चालेल, फक्त ‘सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की’ हे शेपूट काढलं तर बऱ्याचदा एकातच भागतं. व्हॉट्सॲपवर ही भानगड नाही. तिथे तिप्पट बाइटांचीही काळजी नको, कारण सकाळच्या एका गुड मॉर्निंगच्या फोटोत पुस्तकंच्या पुस्तकं मावतील एवढा डेटा जातो.

नाव तुटतं ते इथे

प्रोग्राम लिहिणाऱ्याने गावाच्या नावासाठी दहा कप्पे ठेवले असं समजा. इंग्रजीत बाळकुम सात कप्प्यांत बसतं, त्यामुळे त्याने तपासलं तेव्हा सगळं ठीक. मग कुणीतरी मराठीत नाव भरतं. लागतात अठरा अधिक एक, एकोणीस. प्रोग्राम नीट लिहिलेला असेल तर तो नऊ बाइट घेतो, दहाव्यात शून्य ठेवतो आणि बाकीचं सोडून देतो. नऊ बाइट म्हणजे तीन तुकडे : ब, काना, ळ. बाळकुमचं झालं ‘बाळ’.

हे तरी बरं, निदान वाचता येतं. मर्यादा तीनच्या पटीत नसली की शेवटचा तुकडा मध्येच कापला जातो आणि तिथे काळ्या चौकटीतलं पांढरं प्रश्नचिन्ह येतं. ते चिन्ह स्क्रीनवर कधी ना कधी सगळ्यांनी बघितलेलं आहे. त्याचा सरळ अर्थ, इथे एक मराठी तुकडा अर्धवट राहिला किंवा चुकीच्या पद्धतीने वाचला गेला.

ज्ञानेश्वर हे नाव तर सी शिकणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे. अक्षरं चार, तुकडे दहा, बाइट बरोबर तीस. कप्पे तीस ठेवले तर वाटतं की बसलं. पण गार्डचा डबा उरलाच. लागतात एकतीस. तीसमध्ये शेवटच्या र चे दोनच बाइट आत येतात आणि नावाच्या टोकाला प्रश्नचिन्ह उगवतं.

मोबाइल नंबरचंही असंच होतं. नंबर दहा आकडी आहे का हे तपासायला प्रोग्राम बहुतेकदा त्याला स्ट्रिंग म्हणूनच घेतो आणि लांबी दहा आहे का बघतो. (साध्या इंटमध्ये तो घेत नाहीत, कारण तिथे साधारणपणे २१४,७४,८३,६४७ च्या पुढचा आकडा मावत नाही, आणि आपले नंबर त्याच्या कितीतरी पुढचे असतात.) आता कुणी मराठी कीबोर्ड चालू ठेवून तोच नंबर मराठी आकड्यांत भरला तर दहा आकड्यांची लांबी तीस येते. फॉर्म लाल अक्षरांत सांगतो, नंबर चुकीचा आहे. माणूस पुन्हा पुन्हा तोच नंबर भरत राहतो. अशा वेळी कीबोर्ड इंग्रजीवर न्या आणि नंबर पुन्हा टाका, नव्वद टक्के त्रास तिथेच मिटेल. खरं तर मराठी आकडे ओळखून घेणं हे फॉर्म बनवणाऱ्याचं काम आहे, आणि ते फार अवघडही नाही.

यादीत नाव असून न सापडणं, हे सगळ्यात फसवं. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या. यातला ऱ्य, म्हणजे पापणीसारखा दिसणारा अर्धा र, दोन रीतींनी टाइप होतो. एका रीतीत वेगळा ऱ वापरतात, तुकडे अकरा, बाइट तेहतीस. दुसऱ्या रीतीत साधा र, पाय आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह असतं, तुकडे बारा, बाइट छत्तीस. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे. कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द. यादी एका कीबोर्डने बनली आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या कीबोर्डने टाइप केलं, तर उत्तर येतं ‘नोंद सापडली नाही’. ॲप या शब्दातला ॲ सुद्धा असाच दोन रीतींनी लिहिला जातो. नाव सापडत नसेल तर पूर्ण शब्द न टाकता ऱ्यच्या आधीचाच भाग टाकून शोधा. ‘शेतक’ दोन्हीकडे सारखाच आहे.

पाटी लागलीच नाही तर

एलव्हीची पाटी नसलेली गाडी ही सी मधली खरी भीती. शेवटी शून्य ठेवायचं राहिलं तर स्ट्रलेन थांबत नाही. पुढच्या कप्प्यांत दुसऱ्या कशाचे आकडे असतील तेही आपल्याच गाडीचे डबे समजून मोजत जातं. कधी वाटेत कुठेतरी शून्य सापडतं आणि भलताच आकडा येतो, कधी प्रोग्राम आडवा होतो. त्याहून वाईट म्हणजे गाडी लूप लाइनपेक्षा लांब असणं. छोट्या स्टेशनात मालगाडी बाजूच्या लाइनवर घेतात तेव्हा ती तिथे पूर्ण मावली पाहिजे, नाहीतर शेपूट मेन लाइनवर राहील. रेल्वे हे आधी बघते. सी बघत नाही. दहा कप्प्यांत एकोणीस बाइट टाकायला सांगितले की स्ट्रकॉपी गुपचूप टाकतं आणि शेजारच्या कप्प्यांत जे काही होतं ते पुसून जातं.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्राम इंटरनेटवरच्या हजारो कॉम्प्युटरमध्ये पसरला. आत शिरायच्या त्याच्या वाटांपैकी एक अशीच होती. एका प्रोग्राममध्ये ५१२ बाइटांची जागा होती आणि ओळ घेणारं गेट्स नावाचं फंक्शन लांबी न बघता येईल ते आत घ्यायचं. मॉरिसच्या प्रोग्रामने ५३६ बाइट पाठवले. हे गेट्स फंक्शन शेवटी २०११ च्या मानकात सी मधून काढूनच टाकलं. तरी काही जुन्या वह्यांत आणि नोट्समध्ये ते अजून सापडतं. पोरांनी ते उतरवू नये.

लांबी आधीच लिहून ठेवली असती तर हा सगळा व्याप वाचला नसता का, असा प्रश्न कुणालाही पडेल. काही भाषांनी तसं केलं. पास्कलच्या एका प्रचलित पद्धतीत पहिल्या बाइटातच लांबी लिहायचे. पण एका बाइटात २५५ च्या पुढचा आकडा बसत नाही, म्हणून त्याहून लांब मजकूरच ठेवता यायचा नाही. शेवटी पाटी लावायची रीत आली त्यामागे अशी अडचण हे एक कारण होतं. लांबीला मर्यादा राहिली नाही, पण दर वेळी मोजत बसणं आलं.

या मोजत बसण्याची किंमत जीटीए ऑनलाइन खेळणाऱ्यांनी भरलेली आहे. हा खेळ सुरू व्हायला कित्येक मिनिटं लागायची. २०२१ मध्ये एका प्रोग्रामरने आत डोकावून बघितलं. सुमारे ६३ हजार वस्तूंची, १० एमबीची एक यादी खेळ वाचत होता, आणि तिच्यातला प्रत्येक आकडा वाचताना आतलं एक फंक्शन उरलेल्या सगळ्या मजकुराची स्ट्रलेन नव्याने काढत होतं. एक वाघीण बघायची, मग गाडीच्या शेवटापर्यंत चालत जाऊन यायचं, मग दुसरी वाघीण. यादी तपासायच्या पद्धतीतही एक घोळ होता. त्याने दोन्ही दुरुस्त केल्यावर लागणारा वेळ जवळपास ७० टक्क्यांनी घटला. कंपनीने ती दुरुस्ती खेळात घेतली आणि त्याला १० हजार डॉलर बक्षीस दिलं. कॉलेजच्या प्रोग्राममध्येही पोरं हीच चूक करतात : फॉर लूपच्या अटीतच स्ट्रलेन लिहितात. लूपच्या आधी एकदा मोजून आकडा ठेवून द्यायचा, बस.

सी मध्ये मराठी नीट मोजायचं तर

तुकडे मोजणं सोपं आहे. यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांच्या गटातला पहिला बाइट वेगळा ओळखू येतो. मागचे दोन नेहमी १२८ ते १९१ मधले असतात. म्हणून स्ट्रलेनसारखाच लूप लिहायचा, फक्त १२८ ते १९१ मधला आकडा दिसला की मोजणी वाढवायची नाही. हे करताना कॅरेक्टर अनसाइन्ड घ्यायला विसरू नये, नाहीतर बऱ्याच मशीनवर १२८ च्या पुढचे आकडे उणे दिसतात आणि अट कधी लागूच होत नाही. बाळकुमला सहा येतील. इंग्रजी-मराठी मिसळलेल्या मजकुरालाही हे चालतं. सरळ तीनने भागायची युक्ती तिथे फसते, कारण मोकळी जागा आणि इंग्रजी अक्षर एकेकाच बाइटाचं असतं.

तिसरीतल्या पोराचे चार काढणं मात्र अवघड आहे. कोणता तुकडा मागच्याला चिकटतो, याचे नियम लागतात. काना-मात्रा चिकटतात हे युनिकोडच्या नियमांत आधीपासून होतं. जोडाक्षर एकच धरायचं, हा देवनागरीला लागू होणारा नियम युनिकोडच्या मूळ तक्त्यात १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. त्याआधीच्या नियमाने बाळकुमची अक्षरं बरोबर चारच यायची, पण कल्याणचीही चार व्हायची : क, ल्, या, ण. नव्या नियमाने तीन. जुन्या फोनवरचा प्रोग्राम आणि नव्या फोनवरचा प्रोग्राम ‘कल्याण’ची अक्षरं आजही वेगवेगळी सांगू शकतात, त्याचं कारण हे.